समाधानच्या नावाची सव्वा मूठ

तिकडून आल्यापासून तळोद्यात जी बाई भेटते ती विचारते, "मॅडम, समुद्र कसा होता हो?" विचारताना तिच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं चित्र असतं, वाकलेलं नारळाचं झाड आणि निळंशार पाणी. मी सांगते, होता तसाच होता. नारळाची झाडं तिथे वाकलेलीच असतात आणि पाणीही निळंच असतं. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे हे गाव बघण्यासारखं आहे यात वाद नाही. जगभरची तरुण पोरं-पोरी काखेत लांब फळ्या मारून तिथे येतात, लाटेवर उभं राहतात, पडतात, पुन्हा जातात. ज्याला बघायची हौस असेल त्याने जरूर जावं. मी काही बघायला गेले नव्हते. मी माहेरून, धानोऱ्याहून, एक रोट घेऊन गेले होते, माझ्या भावाला खाऊ घालायला.

धानोरा, कानबाईचा रविवार

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच डोळे-नथ लावून, साडी नेसवून देवी करतात आणि चौरंगावर मांडतात. माझ्या माहेरच्या घरातला नारळ आईच्या आजेसासूच्या वेळचा आहे. रात्रभर गाणी होतात, सोमवारी सकाळी बायका चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर जातात. हे सगळं दिसायला छान. पण खरी कानबाई असते ती दळणात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, पोरगं पाळण्यात असलं तरी त्याची मूठ धरायची. त्या पिठाचे गूळ घालून जाड रोट करायचे, आणि ते पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी बाहेरचीच. मी बावीस वर्षं झाली रोटाला तोंड लावलेलं नाही.

आमच्या भाऊबंदकीत आणखी एक रीत आहे. घरातला पुरुष गेला की पुढच्या कानबाईला त्याच्या नावाची शेवटची मूठ धरतात. तो रोट कोणी खात नाही. सोमवारी कानबाईबरोबर नदीवर नेऊन मुलाने आपल्या हाताने तो पाण्यात सोडायचा. मग त्या नावाची मूठ बंद. एरवी रोट पाण्यात कधीच जात नाही, उरला तरी गायीला देतात.

बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. मागच्या श्रावणात त्यांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून कानबाई या वर्षी बसली. आईने परात पुढे घेतली, बाबांच्या नावाची मूठ धरली, मग समाधानच्या नावाची धरली. संपलं. एकेकाळी ज्या घरात परात भरून दळण जायचं तिथे दोन मुठी. समाधान माझा धाकटा भाऊ. नाशिकला हॉटेलचं शिकला, गोव्यात लागला, तिथून एका मित्राबरोबर एका सीझनपुरता लंकेत गेला तो गेलाच. बाबांच्या दहाव्यालाही आला नाही. अग्नी मोठ्या घरच्या सुदामभाऊने दिला, म्हणजे आमच्या चुलतभावाने. सोमवारी बाबांचा रोटही त्यानेच सोडला.

नदीवरून आल्यावर आईने दुसरा रोट पांढऱ्या फडक्यात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हाऊ समाधानना हातमा दे," ती म्हणाली. "पुनीमना आगोदर त्यानी खावाले पाह्यजे. खादा तर तो या घरना शे. नही खादा, तर नारय मी मोठा घर दी टाकसू."

"माय, असं काय करस," मी म्हटलं. "तो येई कधी तरी."

"खानारा मानूसच नही त्या घरमा कानबाई कोनाकरता बसाडू? मन्हाकरता? माले काय मूठमा मोजतस का?"

आई रागावून बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती भाजीला मीठ कमी पडलं असं सांगावं तशी बोलत होती. पासपोर्ट मी पूर्वीच काढून ठेवला होता, भाऊ कधी तरी बोलावेल या आशेने. यांनी तिकिटं काढली आणि मंगळवारी मी नंदुरबारला गाडीत बसले.

विमानतळ

प्रवासाचं रडगाणं गात नाही. फक्त कोलंबोला काय झालं ते सांगते. यंत्रातून पिशवी गेली आणि एका गणवेशातल्या माणसाने मला बाजूला घेतलं. फडक्याकडे बोट दाखवून त्याने इंग्रजीत काही तरी विचारलं. माझं इंग्रजी अंगणवाडीच्या अहवालापुरतं. मी म्हटलं, "रोटी. गॉड. ब्रदर." त्याने हात पुढे केला आणि मी पिशवी छातीशी धरली. बाहेरच्याचा हात लागला की सगळं मुसळ केरात. शेवटी मीच फडकं सोडून दाखवलं. त्या भल्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे घेतले, वाकून बघितलं, वास घेतला आणि मान हलवली. देवाच्या वस्तूला कसं बघायचं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मला तेव्हा वाटलं, चला, शकुन चांगला झाला.

अरुगम बे, गुरुवार

आमच्याकडे श्रावणात डोळ्यांना हिरव्याशिवाय काही दिसत नाही. तिकडे श्रावणात रखरखाट. भात कापून झालेलं, खाचरात धूळ, खाडीच्या कडेला म्हशी चिखलात बसलेल्या. बसमधल्या एका बाईने खिडकीतून बोट दाखवलं तर दूर गवतात हत्ती उभे होते. कुणी खिडकीशी गर्दी केली नाही. आपल्याकडे रस्त्यावर नीलगाय दिसते तशातला प्रकार.

गाव म्हणजे समुद्राला लागून एकच लांब रस्ता. दोन्ही बाजूंना ज्यूसची दुकानं, कपडे टांगलेली दुकानं, झोपाळे. रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली आणि रिक्षावाले त्यांना वळसा घालून जाणारे. पायात चप्पल नसलेले गोरे. कुणाला कसलीही घाई नाही. समाधान फोन उचलत नव्हता. मी पत्ता विचारला तर जो तो आधी हसायचा, मग "नो प्रॉब्लेम" म्हणायचा आणि मग विचार करायचा. माझ्या डोक्यात बाबांचा दहावा चाललेला आणि भोवती सगळं निवांत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

समाधान म्हणून तिथे कुणी ओळखत नव्हतं. फोनमधला फोटो दाखवल्यावर एकजण म्हणाला, "ओ, सॅमी!" मग सॅमी आला. आधी मला वाटलं दुसराच कुणी आहे. काळा ठिक्कर, केस खारट पाण्याने तांबडे झालेले, खांदे रुंद. धानोऱ्याहून गेला तेव्हा काडीपैलवान होता. माझ्यासमोर येऊन तो थांबला आणि त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं.

"ताई," तो म्हणाला. "तू खरंच वनी?"

"फोनवर सांगं व्हतं ना."

"माले वाटनं, व्हिसामा अडकशी." मग त्याने विचारलं, "माय कशी शे?"

त्याची अहिराणी तशीच होती, पण जपून ठेवलेल्या कपड्यासारखी, घड्या पडलेली. एकेक शब्द आठवून काढत होता. मी ठरवलं होतं की भेटल्यावर आधी दोन शब्द सुनवायचे. ते राहून गेलं. त्याने माझी पिशवी घेतली आणि फडक्याची गाठ त्याच्या हाताला लागली. त्याला न सांगता कळलं.

"रोट शे?"

"तुन्हा नावना."

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "आज नको व ताई. मन्हं आंग खारं शे, अंघोय नही. सोमवारले खासू. कानबाई सोमवारलेच जास ना?" पौर्णिमा मंगळवारी होती. मी म्हटलं, बरं.

माझी सोय त्याने फरीनाबाईंकडे केली होती. त्या आपलं चार खोल्यांचं घर पाहुण्यांना भाड्याने देतात. तिथले मुसलमान घरात तमिळ बोलतात, पण फरीनाबाई तरुणपणी कुवेतमध्ये घरकामाला होत्या आणि तिथल्या हिंदुस्थानी बायकांकडून हिंदी शिकल्या होत्या. "खाओ, शरम नहीं करने का," हे त्यांचं पहिलं वाक्य. जेवणात शेवयांच्या जाळीदार चकत्या, वरण आणि ओल्या नारळाची लाल चटणी. ती चटणी त्या पाट्यावर वाटतात, आणि तिखट एवढं की माझ्या नंदुरबारच्या जिभेचीही आग झाली. मी सोबत आणलेलं आमचं मिरचीचं तिखट त्यांना दिलं. त्यांनी बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "ये अच्छा है. ये हमारा माफिक है." त्या दिवसांत मनापासून जेवले ते तेवढंच.

शुक्रवार, शनिवार

समाधान पोरांना लाटेवर उभं राहायला शिकवतो. मी वाळूवर बसून बघत असे. समुद्र बघून माणसाला काही तरी मोठं वाटतं म्हणतात. मला वाटलं ते एवढंच, की ही माणसं बहुतेक वेळ नुसती बसलेली असतात. फळीवर पाय सोडून, समुद्राकडे तोंड करून, लाटेची वाट बघत. तळोद्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत डोंगरातली माणसं बसतात, तसं. फरक एवढाच, की जीपवाल्यांना घरी जायचं असतं.

समाधान छातीभर पाण्यात उभा राहायचा, मागून येणारी लाट बघायचा आणि नेमक्या वेळी शिकणाऱ्याची फळी पुढे ढकलायचा. "नाऊ! स्टँड!" उभं राहिलेलं माणूस किनाऱ्याकडे जायचं आणि हा तिथेच राहायचा, पाण्यात, पुढच्याला ढकलायला. मी ते कितीतरी वेळ बघितलं. आमच्या शेतातल्या विहिरीत बाबांनी त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला पोहायला शिकवलं होतं. दोर सोडताना बाबाच जास्त घाबरले होते.

शनिवारी मी पाण्यात पाय बुडवायला गेले आणि एका लाटेने मला खाली बसवलं. साडी गुडघ्यापर्यंत, तोंडात वाळू, आणि एक चप्पल समुद्रात. पाचदहा गोऱ्या पोरी धावत आल्या. मला चपलेचं काही नव्हतं, जुनीच होती. पण समाधानने ती बघितली आणि त्याने पाण्यात उडी घेतली. बऱ्याच आत गेला. डोकं दिसेनासं झालं तसा माझा जीव टांगणीला लागला. आला तेव्हा चप्पल दातात धरलेली होती आणि हसत होता.

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला हवं. माझ्या तुटक्या चपलेसाठी हा एवढ्या पाण्यात गेला, आणि बापासाठी धानोऱ्याला आला नाही. मी ते बोललेही. सगळ्या पोरींसमोर, मोठ्याने. त्यांना भाषा कळत नव्हती, पण त्या बाजूला झाल्या.

समाधान वाळूत बसला. चप्पल माझ्या पायापुढे ठेवली.

"मी वनू व्हतू ताई," तो म्हणाला. "एअरपोर्टलगून गऊ व्हतू. बॅग दी दिधी व्हती. मंग बठी ऱ्हायनू. त्यास्नी मन्हं नाव पुकारं, दोन येळा पुकारं. मी तठेच बठेल व्हतू."

"काबरं?"

"माले वाटनं, आग सुदामभाऊनी दिधी. डोकं त्यानीच भादरं. सर्व काही जयं. आते मी जाईसन कोना शे? दारमा पाय ठेवसू तं सर्वा मन्हं तोंड देखतीन, आन बाबाना फोटू माले नही देखावत."

मी त्याच्याजवळ बसले. माझा राग गेला होता, पण त्याच्या जागी आलं ते रागापेक्षा वाईट होतं. राग असला की वाटतं, समोरचा सुधारला की संपेल. इथे सुधारायला कुणी नव्हतं. तो चांगलाच होता. मला जपत होता, रोज नारळपाणी फोडून आणत होता, माझी फोनवर आईशी गाठ घालून देत होता आणि स्वतः बोलायची वेळ आली की पाणी प्यायला उठत होता. इथला सीझन संपला की तो बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्याला जातो, तिथला संपला की परत इकडे येतो. आमची डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, हाल काढतात, पण होळीला झाडून सगळी घरी परततात. लाटांमागे फिरणाऱ्याला होळी नसते.

"बाबाना रोट कोनी सोडा?" त्याने अचानक विचारलं.

"सुदामभाऊनी. यंदा सोमवारले."

तो वाळूत बोटाने खड्डा करत राहिला, आणि खड्ड्यात खालून पाणी येत राहिलं.

रविवार

रोट त्याच्या खोलीत भिंतीच्या फळीवर होता. खोली म्हणजे फुटलेल्या फळ्या दुरुस्त करायच्या शेडमागचं पत्र्याचं खोपटं. रंगाच्या आणि रसायनाच्या डब्यांच्या वर एक कोरी जागा त्याने पुसून काढली होती आणि तिथे ते फडकं ठेवलं होतं. मी दोनदा जाऊन बघून आले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "सकाय खासू ताई, सांगं ना."

तो खाणार नाही, ही धाकधूक मला तेव्हापासून लागली. संध्याकाळी किनाऱ्यावर गायी हिंडताना दिसल्या, हडकुळ्या, वाळूवरची फळांची सालं खाणाऱ्या. आणि माझ्या मनात आलं की नाहीच खाल्ला तर निदान गाय आहे. असा विचार आला याची मला लाज वाटली. आईने मला गाय शोधायला पाठवलं नव्हतं.

फरीनाबाईंना मी सगळं सांगितलं. रोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांची आई आणि धाकटी बहीण त्सुनामीत गेल्या, हे मला समाधानने सांगितलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघराला समुद्राच्या बाजूने खिडकी नाही. होती ती त्यांनी बुजवली.

"लड़का अच्छा है," त्या म्हणाल्या. "हम बोलता उसको, घर जाओ. वो बोलता, अगला सीज़न." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्हारा माँ एक रोटी में सब हिसाब कर दिया. बहुत सख़्त माँ."

मला आईची बाजू घ्यायची होती. पण मी त्यांच्यापुढची अर्धी भाजी ओढून निवडायला घेतली.

सोमवार

सकाळी अंघोळ करून मी समाधानच्या खोपटाकडे गेले. दार उघडं होतं, तो नव्हता. फळीवर बघितलं, रोटही नव्हता. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, जमीन झाडलेली, बादलीशेजारी ओला साबण. म्हणजे अंघोळ करून, जागा झाडून त्याने खाल्ला. मी तिथेच दाराच्या चौकटीला टेकले आणि मला रडू आलं. आईला लगेच फोन लावावा असं वाटलं, पण म्हटलं आधी त्याला भेटू, त्याच्याच तोंडून सांगू दे.

पूर्वेचा किनारा असल्यामुळे तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. पाण्यात एवढ्या सकाळीही दहापंधरा जण होते. त्यांच्या पलीकडे, लाटा जिथे सुरूच होत नाहीत तिथे, एकजण फळीवर एकटा बसला होता. डोक्यावर पंचा घेतलेला. बाबा देवळात जाताना उपरणं घ्यायचे तसा. मी त्याला पाठीवरूनच ओळखलं. मी हात वर केला, हाक मारायला.

त्याने दोन्ही हातांत काही तरी धरलं होतं. ते कपाळाला लावलं. मग एका बाजूला वाकला आणि दोन्ही हात पाण्यात घातले, हळू, मनगटापर्यंत. हात वर आले तेव्हा रिकामे होते.

आठवड्यापूर्वीच मी हे बघितलं होतं, धानोऱ्याच्या नदीवर, सुदामभाऊने केलं तेव्हा. मला पोहता येत नाही. आलं असतं तरी काय उपयोग होता. गुळाची पोळी ती, पाण्यात किती वेळ टिकणार? माझा वर केलेला हात तसाच राहिला. माझ्याजवळून जाणाऱ्या एका पोराला वाटलं मी त्यालाच हात केला, त्यानेही हसून केला.

समाधान किनाऱ्याला आला. फळी वाळूत टाकून माझ्याकडे चालत आला. त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आमच्या घरचा मुलगा दिसत होता. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला.

"पोचाडी दिधं ताई," तो म्हणाला. "बाबाले. मन्हा हातघाई. सुदामभाऊनी सोडा ते खरं, पन बाबाना आंडोर तं मी शे ना. तो रोट मन्हा घशाखाले उतरता नही. बाबाले पानी बी नही पाजं मी, आन आयता रोट खाऊ? मायले सांग, समाधाननी बाबाना रोट सोडा म्हनीसन."

रोट बाबांचा नव्हता. रोट त्याचा होता. बाबांची मूठ आठवड्यापूर्वी तापीच्या वाटेला लागली होती. हा जो सोडला तो समाधानच्या नावाचा, आणि ज्या नावाचा रोट पाण्यात जातो त्या नावाचं पुढे काय होतं हे धानोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यालाही एकेकाळी माहीत होतं. पण इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर त्याच्याकडे रीत अर्धीच उरली होती. पाण्यात सोडायचा हे लक्षात होतं, कुणाचा हे राहून गेलं होतं. रोट तो रोट.

सांगायला हवं होतं का? परत आल्यापासून मी हेच घोळते आहे. सांगितलं असतं तर तो मोकळा झालेला चेहरा मीच माझ्या हाताने पुसला असता. नाही सांगितलं, तर तो तिकडे समाधानाने राहणार, की बापाचं ऋण फेडलं. मी त्याच्या डोक्यावरचा ओला पंचा काढला, पिळला आणि त्याचे केस पुसले.

"सांगसू," मी म्हटलं.

त्याने मला बसपर्यंत सोडलं. पुढच्या श्रावणात नक्की येतो म्हणाला. बसच्या खिडकीशी फरीनाबाईंनी नारळाच्या चटणीचा डबा दिला. तो विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून मी कोलंबोच्या विमानतळावरच टाकला, त्याच माणसासमोर. त्याने मला ओळखलं. हातांनी विचारलं, ते फडकं? मी हात हलवले, नाही म्हणून. देवाकडे पोचलं, असं समजून त्याने आनंदाने मान हलवली.

धानोरा

आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी पिशवी ठेवायच्या आत तिने विचारलं, "खादा?"

वाटेत मी शंभर गोष्टी रचल्या होत्या. अर्धा खाल्ला, कपाळाला लावला, फार रडला. आईच्या समोर त्यातली एकही तोंडातून निघाली नाही. मी सांगितलं, त्याने सोडला. बाबांचा म्हणून. अंघोळ करून, डोक्यावर पंचा घेऊन, कपाळाला लावून.

आईचे हात थांबले.

"त्याले सांगं का, कोना व्हता ते?"

"नही."

"बरं कयं," ती म्हणाली आणि उठली.

आतून तिने नारळ आणला. तांबड्या कपड्यात बांधलेला होता, म्हणजे मी येण्याआधीच बांधून ठेवलेला. पायात चपला न घालता ती मोठ्या घराकडे निघाली, मी मागे. सुदामभाऊची बायको दारात आली. तिने पदर डोक्यावर घेऊन नारळ ओंजळीत घेतला आणि अवघडून विचारलं, "काकू, पुढला सालले आमन्या मुठी धरसूत तवय समाधानदादानी बी एक धरू का? धरू ना?"

आईने मान हलवली. "नको," म्हणाली. "त्या नावनी मूठ बंद जयी."

घरी परतताना ती माझा हात धरून चालत होती. चिखल होता म्हणून असेल. दारापाशी आल्यावर ती म्हणाली, "तुले दिधी, तसं त्याले बी दिधं समजानं. आंडेर काय, आंडोर काय."

आंडेर मी, आंडोर तो. मला दिलं तेव्हा दारात मांडव होता. बाबा गाडीमागे मारुतीच्या पारापर्यंत चालत आले होते, आणि आईला दोन बायकांनी धरून घरात न्यावं लागलं होतं. समाधानला दिलं त्या दिवशी ती रडली नाही. मी तळोद्याला निघाले तशी चुलीपुढे बसली, डब्यातून एका माणसापुरतं पीठ काढलं आणि परात पुढे ओढली.